टाळीचं अंतर

१

शेजारचा ठोक्या बरोबर एक वाजता हातोडी खाली ठेवायचा. सकाळपासून गाड्यांच्या पत्र्याचे पोचे काढून त्याचे हात आणि अख्ख्या गल्लीचे कान शिणलेले असायचे. तो हात धुवून डबा उघडायचा, आणि मग या नवराबायकोच्या दुकानात खऱ्या कामाला सुरुवात व्हायची.

दुकान लहानच. एक गाडी आत मावेल आणि तिच्याभोवती माणूस अंग चोरून फिरू शकेल, इतकंच. मागच्या भिंतीशी तिचं शिलाई मशीन होतं. त्याच्या बाजूला जाड लोकरी नमद्याचे तुकडे, फोम आणि मखमलीच्या गुंडाळ्या. नवरा गाड्यांत स्पीकर बसवायचा, त्यांचा सूर जुळवायचा. ती आतलं अस्तर शिवायची. लग्नाला बावीस वर्षं झाली होती आणि दुकानाला एकवीस. ठोक्या त्याला कानसेन म्हणायचा, आणि ते नाव असं चिकटलं की गिऱ्हाइकंही तेच विचारत यायची.

"तुमचं बरं आहे कानसेन," ठोक्या घास चावत म्हणायचा. "आम्ही ठोकलं की लोक शिव्या देतात, तुम्ही ठोकलं की वाहवा."

ठोकायचं म्हणजे टाळी वाजवायची. गाडीत बसायचं, चारही दारं लावायची, काचा वर करायच्या आणि एकच कोरी टाळी द्यायची. तो चालकाच्या जागी उजवीकडे, ती त्याच्या शेजारी, डोळे मिटून. गाडी म्हणजे काचेची पेटी, असं तो म्हणायचा. स्पीकर कितीही चांगला असला तरी त्याचा आवाज काचेवर आपटून उलटा येतो आणि गाणं गढूळ होतं. ते उलटणं कुठून होतंय, हे टाळी सांगते. मग त्या त्या जागी नमदा, त्या त्या जागी मखमल.

लग्नानंतर पहिल्याच वर्षी त्याने तिला हे शिकवलं होतं. "लांबच्या भिंतीवरून आवाज उशिरा येतो, जवळच्या भिंतीवरून लगेच. गाडीत सगळंच हातभर अंतरावर. म्हणून गाडीत आवाज उशिरा येतच नाही, नुसता गढूळ होतो." तिला ते पाढ्यासारखं पाठ होतं.

आधी तो स्वतःच ऐकायचा आणि तिची परीक्षा घ्यायचा. गेल्या सहा महिन्यांपासून मात्र टाळी वाजली न वाजली तोच तिच्याकडे वळून विचारायचा, "काय आलं?"

का, ते तिला माहीत होतं. धुवायला टाकलेल्या पँटच्या खिशात कानाच्या डॉक्टरचा कागद सापडला होता. उजवा कान जवळजवळ गेलेला. डाव्यावर लक्ष ठेवा. तिने तो कागद होता तसाच घडी घालून परत खिशात ठेवला, आणि पँट त्या दिवशी धुतलीच नाही. त्याने सांगितलं नाही, तिने विचारलं नाही. या माणसाकडे कानांपलीकडे दुसरं भांडवल नव्हतं, आणि ते सरत चाललंय हे त्याला कुणाच्या तोंडून ऐकावं लागू नये, एवढंच तिला वाटत होतं.

२

राखाडी गाडी घेऊन आले ते गृहस्थ दातांचे डॉक्टर होते. हात इतके स्वच्छ की दुकानात कुठे टेकवावेत ते त्यांना कळेना.

"दिवसभर कानाशी ते मशीन आणि लोकांचं आ-ऊ," ते म्हणाले. "जाता-येता चाळीस मिनिटं गाणं ऐकतो, तेवढीच माझी स्वतःची. पण या गाडीत... कसं सांगू? गाणारीच्या मागे आणखी कुणीतरी गातंय. जरा मागून. मागच्या सीटकडून."

"काच!" कानसेन हसून म्हणाला. "दुसरं कोण असणार, डॉक्टर? मागची काच तिरकी आहे, पुढून आवाज गेला की ती परत फेकते. तुम्ही दात साफ करता, आम्ही आवाज साफ करू."

"जुन्या गाडीत असं होत नव्हतं."

"ही नवी आहे?"

"वापरलेलीच घेतली. पण फार चाललेली नाही." डॉक्टरांनी किल्ली तिच्या हातात दिली. का कोण जाणे, नवऱ्याच्या नाही, तिच्याच. "वहिनी, मागचं ते जाईल ना?"

"आठ दिवस द्या," ती म्हणाली. "मागचं, पुढचं, सगळं जाईल."

३

पहिली टाळी गाडी उघडीबोडकी असताना. एक वाजून दहा मिनिटं झाली होती. ठोक्याची हातोडी थांबली होती, गल्लीत सायकलचीही घंटी नव्हती.

कानसेनने टाळी दिली. समोरच्या काचेवरून ती चपराक मारल्यासारखी परत आली. डॅशबोर्ड किणकिणला, डावी काच झणझणली. नेहमीचंच. हा सगळा कालवा विरला, आत पुन्हा शांत झालं, आणि मग मागून दुसरी टाळी आली.

हलकी, पोकळ. रिकाम्या मोठ्या दालनाच्या पार दुसऱ्या टोकाला उभं राहून कुणीतरी उत्तर द्यावं, तशी.

तिने डोळे उघडले. नवरा तिच्याकडेच पाहत होता.

"काय आलं?"

"समोरची काच. डॅशबोर्ड. डावीकडची काच जास्त."

"आणि मागून?"

"मागून... आहे थोडं."

"काचेखालची फळी असणार," त्याने वहीत लिहून घेतलं.

ती खाली उतरली आणि काही काम असल्यासारखी बाहेर जाऊन आली. ठोक्या पेटीवर बसून जेवत होता. एका हातात भाकरी, दुसऱ्यात पाण्याची बाटली. टाळी त्याची नव्हती. मग पलीकडच्या गोदामाचं दार आपटलं असेल. गाडीच्या काचा बंद असताना बाहेरचा आवाज असाच पोकळ येतो. असं तिने स्वतःला समजावलं, आणि ते पटण्यासारखंही होतं.

फक्त एक गोष्ट होती. टाके मोजायच्या सवयीने तिचा अंगठा कायम बोटांच्या पेरांवरून फिरत असायचा. टाळीपासून त्या दुसऱ्या टाळीपर्यंत तो तीन पेरं चालून गेला होता. एक अख्खं बोट. हातभर अंतराच्या गाडीत एवढा उशीर कसा होईल? शेवटी तिचं गणित चुकलं असणार. शाळेतही गणितात ती काठावरच असायची.

४

पुढचे दोन दिवस काम जोरात चाललं. कानसेनने दारांचे पत्रे उघडून आतून काळ्या डांबरी शीट चिकटवल्या. डॅशबोर्डवर तिने नमदा बेतून बसवला, छताला आणि काचांमधल्या खांबांना गर्द निळी मखमल लावली. मागच्या काचेखालच्या फळीला आणि सीटवरच्या डोकं टेकायच्या उश्यांनाही तीच.

मखमलीला लव असते. एका बाजूने हात फिरवला तर ती मऊ, गडद दिसते. उलट फिरवला तर फिकी पडते आणि हाताचा माग तसाच राहतो. म्हणून रोज निघताना ती मऊ ब्रशने सगळी लव एका दिशेला बसवायची, गाडीला कुलूप लावायची आणि किल्ली पर्समध्ये टाकायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी मागच्या फळीवर हाताचा ठसा होता.

पाचही बोटं स्वच्छ. तिला वाटलं, आपलाच असेल, काल काचेकडे वाकताना टेकला असेल. म्हणून तिने मागच्या सीटवर गुडघा टेकून आपला हात त्या ठशावर ठेवून पाहिला. बसेना. बोटं उलटी होती. तिची बोटं मागच्या काचेकडे जात होती, ठशाची बोटं पुढे, तिच्याकडे. तसा हात टेकवायचा तर माणसाने मागच्या काचेच्या पलीकडे बसायला हवं होतं, आणि काचेतून हात आत घालायला हवा होता.

तिने ब्रश घेतला आणि तो पुसून टाकला. हात जरा घाईने चालला, तेवढंच.

त्या दुपारची टाळी अर्धी स्वच्छ झाली होती. समोरचं किणकिण गेलं होतं, डावी काच गप्प होती. पण तो कालवा गेल्यामुळे मागची टाळी आता उघडी पडली. गर्दी पांगल्यावर तिच्यामागे उभा असलेला माणूस दिसावा, तशी. आणि या वेळी अंगठा दोनच पेरं चालला.

"काय आलं?"

"बरंच कमी झालंय," ती म्हणाली. खोटं नव्हतं ते.

तो पान खायला गेला तेव्हा तिने गाडीत बसून फोनवर रेकॉर्डिंग लावलं आणि स्वतःच टाळी दिली. दोन पेरांवर आली ती, स्पष्ट. मग तिने फोन कानाला लावून रेकॉर्डिंग ऐकलं. एक टाळी. पुन्हा लावलं. एकच.

म्हणजे आपल्याच कानांत काहीतरी. या वयात होतं म्हणे, तिची बहीण सांगत होती, रात्र रात्र कानात शिट्ट्या वाजतात. तिला एकदम हसू आलं. घरात दोन माणसं आणि चांगला कान एकसुद्धा नाही!

५

पाचव्या दिवशी सकाळी ठसा मधल्या खांबावर होता. पुढच्या आणि मागच्या दारांमधला तो खांब, चालकाच्या उजव्या खांद्यामागे येतो. चार बोटं खांबाला धरलेली, अंगठा नाही. मागच्या सीटवरून उठताना आधारासाठी धरावं, तशी.

नवऱ्याला दाखवावं का? ती ब्रश हातात घेऊन उभी राहिली. दाखवलं तर तो विचारेल, अजून काय काय झालंय. मग टाळीचं सांगावं लागेल. आणि ती टाळी त्याला एकदाही ऐकू आलेली दिसली नव्हती. इतकी ठळक असून.

तिने पुसलं.

दुपारी दारं लागली. आत आता असं शांत होतं की स्वतःच्या गिळण्याचा आवाज यावा. कानसेनने टाळी दिली. ती कोरडी ठणठणीत वाजली आणि जागच्या जागी संपली. कुठून काही उलटलं नाही. इतकं सुंदर काम त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं.

आणि एका पेरावर, त्याच्या सीटच्या अगदी मागून, दुसरी टाळी वाजली. तळव्यावर तळवा घासल्याचंसुद्धा ऐकू आलं.

तिने डोळे मिटलेलेच ठेवले.

"अगं," तो म्हणाला. आवाज नेहमीचा नव्हता. "खरं सांग हं. अजून काही येतंय?"

तिने पाहिलं. बावीस वर्षांत या माणसाने तिच्याकडे काही मागितल्याचं तिला आठवत नव्हतं. आत्ता तो मागत होता.

"मला तर अगदी कोरडं वाटतंय," तो घाईने म्हणाला. "पण तू सांग."

हो म्हणावं, तर एवढी ठळक टाळी त्याला ऐकू आली नाही, असा अर्थ. त्याच्या गाडीत, त्याच्या कामात. डॉक्टरच्या कागदावर तिने स्वतः शिक्का मारल्यासारखं. आणि फोन तर सांगतच होता की टाळी नाहीच आहे.

"नाही हो," ती म्हणाली. "काहीसुद्धा नाही. अगदी कोरडं."

त्याने सोडलेला श्वास नमद्याने पिऊन टाकला.

"मग कान शाबूत आहेत म्हणायचे!" तो म्हणाला आणि हसला. बऱ्याच दिवसांनी हसला. तीही हसली. आणि हसता हसता तिच्या लक्षात आलं, की आपण दोघंही मागे वळून बघत नाही आहोत.

६

आठव्या दिवशी डॉक्टर येण्याआधी शेवटची टाळी. ती अंगठा पहिल्या पेरावर ठेवून बसली होती. टाळी वाजली. अंगठा हललाच नाही.

एकच टाळी. पुढे नाही, मागे नाही. ती कितीतरी वेळ वाट पाहत राहिली. नाहीच.

तिचा जीव भांड्यात पडला. ती इतकी हलकी झाली की तिने नवऱ्याचा हात दाबला. "झालं!" ती म्हणाली. "बघा, झालं!"

तो मान किंचित उजवीकडे कलती करून बसला होता, दाराशी कुणी आलंय का याचा कानोसा घेतल्यासारखा.

तो उतरल्यावर ती शेवटचा ब्रश फिरवायला गेली. चालकाच्या सीटवर डोकं टेकायची जी उशी असते, तिच्या उजव्या कडेला लव बसली होती. छोटासा गोल खळगा, त्यात एक वळलेली रेघ. सकाळी उठल्यावर उशीवर कानाचा ठसा राहतो तसा.

त्याचाच असेल. पण टाळी देताना तो पुढे वाकून बसायचा. मागे डोकं टेकलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं. आणि हा ठसा उशीच्या मधोमध नव्हताच. त्याच्या डोक्याच्या शेजारी, त्याच्या कानाला कान लावून दुसरं कुणी टेकलं असतं, तर जिथे पडला असता, तिथे होता.

बाहेर डॉक्टरांचा आवाज आला. तिने ब्रश फिरवला.

डॉक्टरांनी आत बसून गाणं लावलं. काचेतून त्यांचा चेहरा दिसत होता. आधी आक्रसलेला, मग हळूहळू सैल होत गेला. मग ते बाहेर आले.

"गेलं," ते म्हणाले. "मागचं गेलं हो. कुठे पाठवलंत त्याला?"

ठोक्या हातोडी टेकून हसला. "कानसेनने ठेवून घेतलं असेल! चांगलं गिऱ्हाईक असं सोडतो होय तो!"

सगळे हसले. गाडी गेली.

७

दोन दिवसांनी ठोक्याने नवऱ्याला उजव्या बाजूने हळूच हाक मारली, आणि तो वळला.

तिच्या हातातली सुई थांबली. संध्याकाळी त्याने फोन उजव्या कानाला लावला. घरी जेवताना ती मुद्दाम उजवीकडे बसली आणि ओठांतल्या ओठांत म्हणाली, "मीठ द्या." त्याने दिलं.

ती उठून मोरीत गेली आणि नळ सोडून रडली. देव पावला म्हणावं, असं ते रडणं होतं. बाहेर येऊन तिने एकदाचं सांगितलं. खिशातला कागद, तिचं गप्प राहणं, सगळं. "मला वाटत होतं, मला ठाऊक आहे हे तुम्हाला कळलं तर तुम्ही खचाल."

"मला कळत होतं की," तो शांतपणे म्हणाला. "ती टाळी मला येत होती."

"कोणती?"

"मागची. पहिल्या दिवसापासून. डाव्या कानाने नाही हं. उजव्या." त्याने कानाला बोट लावलं. "ज्याने काहीच येत नाही, त्याने कसं येईल? म्हटलं, कान वाजतायत. म्हणून तुला विचारत होतो रोज. तू म्हणालीस, नाही. मग मी बसून राहिलो."

"आणि मी हो म्हटलं असतं तर?"

"उतरलो असतो ना गाडीतून." त्याच्या बोलण्यात राग नव्हता, तक्रार नव्हती. "रोज जरा जवळ येत होती."

"मग?"

"मग काय," तो म्हणाला, पाहुणा आल्याचं सांगावं तसं. "आली."

८

आता त्याला सगळं ऐकू येतं. ठोक्या म्हणतो, कानसेन तरुण झाला. सूर असा जुळवतो की गिऱ्हाइकं लांबून येतात. हल्ली त्याला तिला विचारावं लागत नाही.

फक्त तिने काही म्हटलं की उत्तर जरा उशिरा येतं. पहिल्यांदा जाणवलं तेव्हा एक पेर. तिला वाटलं, विचारात असेल. महिन्याभरात बोट झालं, मग दोन बोटं. माणूस समोरच बसलेला असतो, दोन हातांवर. मान उजवीकडे कललेली, चेहऱ्यावर ऐकण्याचं हसू. इतरांशी तो पटकन बोलतो, गिऱ्हाइकांशी थट्टाही करतो. पण ते बोलणं कोरडं असतं, जागच्या जागी संपणारं. ते त्याचं नाही, हे बावीस वर्षं ऐकलेल्या बाईला कळतं. त्याचं असतं ते उशिरा येतं. हलकं, पोकळ.

आज एक वाजता ठोक्याने हातोडी ठेवली. दुकानात गाडी नव्हती. तो मशीनसमोरच्या स्टुलावर बसला होता. तिने हातातलं काम बाजूला ठेवलं, खुर्ची त्याच्यासमोर ओढली आणि गुडघ्याला गुडघा लावून बसली.

"अहो," ती म्हणाली.

"हं," तो लगेच म्हणाला. कोरडं. नजर तिच्यावर नव्हती.

ती थांबली. अंगठा पेरांवरून चालत गेला. पहिलं बोट, दुसरं, तिसरं. करंगळी संपली. तिने दुसरा हात उघडला. त्यावरही दोन बोटं झाली. मग त्याचे ओठ जरासे हलले, आणि फार लांबून, रिकाम्या दालनाच्या पार दुसऱ्या टोकाहून, तिच्या नवऱ्याने विचारलं,

"काय आलं?"

तिने त्याचे दोन्ही हात धरले. आणि नाही म्हणाली होती तेव्हा जितकं हळू म्हणाली होती, तितक्याच मोठ्याने म्हणाली, "येतंय हो! मला ऐकू येतंय! पहिल्यापासून येत होतं! उतरा तुम्ही, उतरा त्या गाडीतून!"

शेजारी ठोक्याचा घास हातात राहिला असावा. कुठूनच काही आवाज आला नाही.

तिने डोळे मिटले, अंगठा पहिल्या पेरावर ठेवला आणि तिचं म्हणणं पोचायची वाट पाहू लागली.